बेचाळीस जणांची सावड

मल्हारी शेंडगे यांची शिकवण्याची पद्धत चार पायऱ्यांची होती. आधी दाखवायचं, मग करायला लावायचं, मग चुकू द्यायचं आणि शेवटी शिव्या द्यायच्या. या पद्धतीला त्यांनी कधी नाव दिलं नाही. मेंढरांमागे चालता चालता वडिलांनी त्यांना सगळं असंच शिकवलं होतं, आणि वडिलांनीही तिला नाव दिलेलं नव्हतं.

मल्हारी दौंड तालुक्यातल्या राहूचे. १९७९ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, भीमेवरचा पूल सायकलीने ओलांडून ते शिरूर तालुक्यातल्या दूध पावडरीच्या कारखान्यात कॅन धुवायला लागले. चार वर्षांत त्यांना दूध उतरवून घेण्याच्या धक्क्यावर बढती मिळाली, ती नाकाच्या जोरावर. कॅनचं झाकण उघडलं की ते वाकायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "ह्ये काल सांजचं दूध हाय. कुणाचं?" ज्याचं असे तो रस्त्याकडे बघू लागे. प्रयोगशाळेचा निकाल अर्ध्या तासाने येई आणि नाकाशी जुळे.

पुढच्या वीस-बावीस वर्षांत त्यांनी शंभराच्या वर माणसं तयार केली. सगळे त्यांना आबा म्हणत, आणि त्यांच्या चौथ्या पायरीला कारखान्यात फार मान होता. आबा कुणाला झाडताहेत असं कळलं की शेजारच्या खात्यातले लोक हातातलं काम टाकून ऐकायला येत. आबांच्या शिव्यांत कुणाची आई-बहीण कधी आली नाही. त्यांत फक्त भाज्या, अवजारं आणि जनावरं असत. "बोथट खुरप्या", "वाट चुकलेल्या कोकरा", आणि सर्वांत वरची म्हणजे "आरं दोडक्या". ज्याला एकदा दोडका म्हटलं गेलं तो माणूस कामात पक्का झाला असं समजत. काही जण तर हे सोयरिकीच्या बैठकीतही सांगत.

ओल्या फरशीवर गमबूट घालून सत्तावीस वर्षं उभं राहिल्यावर २००६ साली त्यांचे गुडघे बोलू लागले. पुढच्या वर्षी कारखाना एका मोठ्या कंपनीने घेतला. नव्या मॅनेजरसाहेबांनी आबांना ट्रेनिंग कोऑर्डिनेटर केलं. एक खोली, चार कॉम्प्युटर, आणि एक चाकांची खुर्ची. आबा त्या खुर्चीत पहिल्यांदा बसले तो दिवस गुरुवार, १६ ऑगस्ट २००७. बसताच खुर्ची मागे गेली आणि ते कपाटावर आपटले.

घरी सगुणाबाईंनी, म्हणजे त्यांच्या कारभारणीने, सगळं ऐकून घेतलं.

"मागच्या चाकाला वीट लावा," त्या म्हणाल्या.

वीट लागली. सगुणाबाईंनी जुन्या लुगड्याची खुर्चीला खोळ शिवून दिली. गुडघ्यांना चार महिन्यांत इतका आराम पडला, की आबा पुन्हा मांडी घालून जेवायला बसू लागले.

जानेवारीत पुण्याहून धनश्री मॅडम आल्या. वय असेल सत्तावीस. लोकांना कामाच्या जागी कसं शिकवावं याचंच शिक्षण त्यांनी घेतलं होतं. त्यांनी भिंतीवर एक तक्ता लावला. पाच चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण. विश्लेषण, आराखडा, बांधणी, अंमलबजावणी, मूल्यमापन.

आबांनी तक्ता दोनदा वाचला. "मॅडम, ह्यात शिव्या कुठं बसत्यात?"

"शिव्या?"

"मान्सं चुकल्यावर."

मॅडमनी जरा विचार केला आणि पाचव्या चौकोनावर बोट ठेवलं. "इथे. आम्ही त्याला फीडबॅक म्हणतो."

"म्हंजी त्येच," आबा म्हणाले आणि त्यांचं मॅडमविषयी मत चांगलं झालं.

पहिला चौकोन विश्लेषणाचा. त्यासाठी बेचाळीस जणांकडून फॉर्म भरून घेतले. 'तुम्हाला काय शिकायला आवडेल?' या प्रश्नाला बॉयलरवरच्या कोंडिबाने 'पोहणे' असं लिहिलं. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या हनुमंताने लिहिलं, 'इंग्रजी, पण भांडणापुरतं.' पॅकिंगमधल्या नकुशीबाईंनी तोंडी सांगितलं, "म्या आता शिकून काय करू? सून शिकल्याली हाय." प्रयोगशाळेतल्या माया ओव्हाळने तेवढं 'नव्या मशीनची माहिती मराठीत हवी' असं लिहिलं होतं. त्या एका फॉर्मवर मॅडमनी पुढचे चारही चौकोन उभे केले.

धडे दहा होते. आग, रसायनं, फोर्कलिफ्ट, हात धुणे, वगैरे. प्रत्येकाने कॉम्प्युटरवर आपापल्या नावाने शिरायचं, धडा बघायचा, प्रश्न सोडवायचे. पडद्यावर पिवळी टोपी घातलेला एक चित्रातला माणूस होता, त्याचं नाव सुरक्षाभाऊ. उत्तर चुकलं की तो हसून म्हणे, "पुन्हा प्रयत्न करा!"

"एवढं चुकल्यावर ह्यो हसतोय कसा?" आबांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

मॅनेजरसाहेबांनी आबांना बोलावून घेतलं. "३१ मार्चपर्यंत बेचाळीसच्या बेचाळीस पास पाहिजेत. एप्रिलमध्ये मुंबईहून तपासणी आहे. नाही जमलं तर ट्रेनिंगचं काम पुण्याहून चालेल, आणि तुम्ही क्रेट धुण्यावर. काय?"

क्रेट धुणं म्हणजे ओली फरशी, गमबूट आणि आठ तास उभं राहणं. आबांनी खोलीत येऊन खुर्चीची खोळ सारखी केली.

सोमवार, ३ मार्चला अंमलबजावणी सुरू झाली. तीन आठवड्यांत पास झालेले तीन. माया, हिशेबनीस आणि हनुमंत. तोही फक्त फोर्कलिफ्टच्या धड्यात. कोंडिबा माउस रुमालाने धरायचा, कारण बॉयलरवर काहीही नुसत्या हाताने धरायचं नाही असं त्याला आबांनीच शिकवलं होतं. नकुशीबाई सुरक्षाभाऊने "नमस्कार" म्हटलं की उलट नमस्कार करून पदर सावरीत आणि तेवढ्यात प्रश्न निघून जाई.

धुळवडीनंतरच्या सोमवारी दहाच्या चहाला आबा तोंड पाडून बसले होते.

"आबा, येवढं काय त्यात?" हनुमंत बशीतला चहा ओढत म्हणाला. "सावड घाला की."

सगळ्यांनी कप खाली ठेवले.

सावड म्हणजे काय हे राहूपासून मांडवगण फराट्यापर्यंत कुणाला सांगावं लागत नाही. आज सगळ्यांनी माझ्या वावरात खुरपायचं, उद्या तुझ्या, परवा त्याच्या. तण कुणाचं हे कुणी विचारत नाही. वावर निघाल्याशी कारण. मग परीक्षेचं एवढं काय? ज्याला जो धडा येतो त्याने तो बेचाळीस जणांचा काढायचा. आग कोंडिबाकडे, रसायनं मायाकडे, फोर्कलिफ्ट हनुमंताकडे. माया जरा अडखळली, "आबा, हे चालतं का पण?" तेव्हा कोंडिबा म्हणाला, "अगं, तू कुठं एकटीच करतीयास? समदेच करत्यात न्हवं!" आणि तिलाही तेव्हा ते बरोबर वाटलं.

आबांनी स्वतःकडे हात धुण्याचा धडा घेतला. सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी सुरू केलेले हात त्यांनी बेचाळीस वेळा धुतले आणि पावणेदोनला उठले. शनिवारी सगळं वावर निघालं. बेचाळीस जण, दहा धडे, सगळे पास. आबांनी सगळ्यांना भेळ दिली.

बुधवार, ९ एप्रिलला धनश्री मॅडम आल्या त्या हातात कागदांचा गठ्ठा घेऊन, आणि दार लावून घेतलं.

"शेंडगेमामा, कॉम्प्युटर सगळं लिहून ठेवतो हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

"काय लिवतो?"

"कोण कधी बसलं, किती मिनिटं बसलं, कुठे चुकलं. २४ मार्चला बेचाळीस लोकांनी एकाच मशीनवर, एकापाठोपाठ एक, मध्ये अर्ध्या मिनिटाचंही अंतर न ठेवता हात धुतले आहेत." त्यांनी दुसरा कागद पुढे केला. "आणि हे बघा. आगीच्या धड्यातला सातवा प्रश्न. आग दिसल्यास प्रथम काय कराल? बेचाळीसही जणांनी लिहिलंय, 'संबंधित व्यक्तीला कळवीन.' एकानेही अलार्मचं बटण म्हटलेलं नाही. असं कसं झालं?"

आबांना लगेच कळलं. "संबंधित व्यक्ती म्हंजी कोंडिबा. त्यानं सोताचंच नाव घातलं असणार."

मॅडम हसल्या नाहीत. "तुम्ही कॉपी केलीत, मामा."

"न्हाई," आबा दुखावले. "कॉपी चोरून करत्यात. आमी चहा पिऊन केली. सावड हाय ती."

त्यांनी सावड म्हणजे काय ते समजावलं. मॅडमनी ऐकून घेतलं, आणि मग त्या थकून आबांच्याच खुर्चीत बसल्या. "मामा, तपासणीवाले कॉम्प्युटर बघणार नाहीत. ते माणसाला उभं करून विचारतील. खरंच धूर निघाला आणि बेचाळीस माणसं कोंडिबाला शोधायला पळाली तर?"

आबांनी तो कागद उचलून सातवा प्रश्न पुन्हा वाचला.

"हे कागद मला वर पाठवावे लागतील," मॅडम म्हणाल्या. "तपासणी २१ तारखेला आहे. त्या दिवसापर्यंत ते माझ्या पिशवीत राहतील. तोवर बारा दिवस आहेत."

त्या दिवशी आबांनी डबा उघडला नाही. मायाने ते पाहिलं. ती तळेगाव ढमढेऱ्याच्या भीमनगरातली. तिचे वडील दर रविवारी विहारात वस्तीतल्या पोरांचा अभ्यास घेत, आणि तिथला नियम असा होता, की ज्याला गणित सुटलं त्याने न सुटलेल्याला शिकवूनच घरी जायचं.

"आबा, सावड चुकीची नव्हती," ती म्हणाली. "पण सावडीत दुसरे खुरपायला आले तरी वावराचा धनी बांधावर हजर असतो ना? आपल्या सावडीत धनी घरी झोपला होता."

"मग आता काय करू, पोरी? बारा दिसांत बेचाळीस मान्सं म्या कुठं दाखवीत फिरू? तिन्ही पाळ्या!"

"ऑर्कुटवर या," माया म्हणाली.

ऑर्कुट ठाऊक नाही असा तरुण तेव्हा तळेगावात उरला नव्हता. बाजारपेठेतल्या सायबर कॅफेत रांग असे. पोरं एकमेकांच्या पानावर चार ओळी लिहीत, फोटो लावीत, आणि एकाच विषयाच्या लोकांचा तिथे गट निघे. कारखान्यातले निम्मे जण त्यावर होतेच, फक्त कारखान्याबद्दल तिथे कुणी बोलत नसे. मायाने गट काढला, नाव ठेवलं 'सावड'. आबांनी नियम एकच घातला. ज्याला जे काम येतं त्याने त्यातली स्वतः केलेली चूक आधी सांगायची, मग दुसऱ्यांनी विचारायचं.

आबांचं खातं निघालं. फोटो त्यांनी मेंढ्याचा दिला, कारण स्वतःचा चांगला आलेला नव्हता. ते सांगत आणि माया टाइप करी. पहिल्याच मजकुराची सुरुवात त्यांनी "सप्रेम नमस्कार, विनंती विशेष" अशी केली आणि शेवटी "लहानमोठ्यांस यथायोग्य" लिहवलं. मायाने ते काढून टाकू का विचारल्यावर ते म्हणाले, "मान्सांत बोलायचं म्हंजी रीत नको व्हय?"

कोंडिबाने सांगितलं, की १९९४ साली तो वाफेची चावी नुसत्या हाताने धरायला गेला होता, आणि तळहातावरचा डाग तेव्हाचा आहे. लोकांना आजवर तो डाग जन्माचा वाटत होता. हनुमंताने कबूल केलं, की तुपाच्या डब्यांची थप्पी मांजराने पाडलेली नव्हती. यावर एका दिवसात एकोणतीस जणांनी लिहिलं. आबांनी खाली एकच शब्द लिहवला, "दोडक्या." तो शब्द ऑर्कुटवर पडल्याचं कळताच दुसऱ्या पाळीचे जे अजून लांब होते तेही गटात आले. आपल्यालाही दोडका म्हणावं म्हणून लोक जुन्या जुन्या चुका उकरून काढू लागले. नकुशीबाईंसारख्या ज्यांना पडदा वाचायचा कंटाळा, त्यांना माया चहाच्या वेळी वाचून दाखवी. आगीच्या सातव्या प्रश्नावर तर चार दिवस भांडण चाललं. आधी बटण की आधी कोंडिबा? शेवटी कोंडिबानेच लिहिलं, "आधी बटण दाबा. मी तवा संडासात असलो तर?"

मध्येच घरी एक प्रकार झाला. ऑर्कुटच्या रीतीप्रमाणे कुणी कुणाला 'आवडलं' म्हणून गुपचूप बदामाची खूण देऊ शकत असे. आबांच्या मेंढ्याला सहा बदाम आले. हनुमंताने ही बातमी राहूला जाऊन सगुणाबाईंना सांगितली.

"कुणी दिलं?" सगुणाबाईंनी भाकरी परतत आबांना विचारलं.

"त्ये कळत न्हाई म्हनं."

"कळत न्हाई? सहा बाया बदाम देत्यात आन् तुमाला कळत न्हाई?"

"अगं, पोरं देत्यात ती. हनम्यानं दिलं आसंल."

"हनम्या तुमाला बदाम कशाला देतोय?" याचं उत्तर द्यायला शेवटी मायाला फोन करावा लागला.

सोमवार, २१ एप्रिल. मुंबईहून दोन साहेब आले, एक विचारणारे आणि एक लिहून घेणारे. मॅनेजरसाहेब पुढे, धनश्री मॅडम पिशवी पोटाशी धरून, आबा सर्वांत मागे. विचारणारे साहेब नेमके नकुशीबाईंपाशी थांबले.

"बाई, इथे धूर दिसला तर काय कराल?"

"पयलं त्ये लाल बटण दाबीन. मग पोती तिथंच टाकून भाईर पिंपळाखाली जाईन. कोंडिबाला मागनं सांगीन."

"कोंडिबा?"

"त्येचं ठरलंय आमचं."

साहेबांनी हातावर रसायन उडालं तर, फोर्कलिफ्ट येताना दिसली तर, असं आणखी चार विचारलं. बाईंनी सगळं सांगितलं, आणि एकाला हनुमंताच्या डब्यांचा दाखलाही दिला. साहेब खूश झाले. "वा! कॉम्प्युटरवर फार छान शिकलात."

"म्या कवा बसले कॉम्प्युटरवर?" नकुशीबाईंना खोटं मोठेपण नको होतं. "माझी परीक्षा धा जणांनी दिली. ह्या आबांनी माझं हात धुतलं."

मॅनेजरसाहेबांचा चेहरा दुधाच्या पावडरीसारखा झाला. मॅडमनी पिशवीची चेन उघडायला घेतली. आबांना आपली खुर्ची दिसली, लुगड्याच्या खोळीसकट, आणि मग क्रेट धुण्याची ओली फरशी दिसली. ते पुढे आले.

"खरं हाय, सायेब. ती बेचाळीस सर्टिफिकिटं रद्द करा. सावडीची हायेत. मॅडमचा त्यात दोष न्हाई, त्यांनी पकडलं आमाला. पन मान्सं शिकल्याली हायेत. परत घ्या परीक्षा. आत्ता."

साहेबांनी मॅडमचे कागद उभ्यानेच वाचले. बेचाळीसदा हात धुतल्याचं पान त्यांनी दोनदा पाहिलं. मग म्हणाले, "ठीक. प्रत्येकाने एक धडा द्यायचा, पण आपल्या कामाचा नाही. चिठ्ठ्या टाकू. चाळीस पास झाले तर मी समाधानी. नाहीतर मला लिहावं लागेल, की इथे ट्रेनिंग होत नाही."

कँटीनमधलं ताट आणलं, चिठ्ठ्या टाकल्या, तिन्ही पाळ्यांचे लोक बोलावले. एका वेळी चौघे आत जात, बाहेरचे पिंपळाखाली उभे. कोंडिबाला रसायनं आली. त्याने या वेळी रुमाल खिशातच ठेवला आणि पास झाला. हनुमंताला हात धुणे, पास. नकुशीबाईंनी सुरक्षाभाऊला नमस्कार केला नाही. "परीक्षेत कुणाशी बोलत न्हाईत," त्या म्हणाल्या. पास. तीन वाजता एक्केचाळीस जणांचं झालं होतं, आणि एक्केचाळीसही पास होते. पिंपळाखाली आरोळी उठली.

"एक राहिला," लिहून घेणारे साहेब म्हणाले. "मल्हारी शेंडगे."

आबांची चिठ्ठी फोर्कलिफ्टची होती.

आता खरं सांगायचं तर आबांनी आयुष्यात फोर्कलिफ्ट चालवलेली नव्हती, आणि गटावर तिच्याविषयी जे लिहिलं गेलं त्यावर शिव्या देण्याच्या घाईत त्यांनी ते नीट वाचलंही नव्हतं. दहांतली पाच चुकली. 'वाहन मागे घेताना चालकाने कुठे पाहावे?' याला त्यांनी 'समोर' असं उत्तर दिलं. मेंढक्या समोर बघतो. मागचं कुत्रं बघतं. सुरक्षाभाऊ हसून म्हणाला, "पुन्हा प्रयत्न करा!"

"बेचाळीसातले एक्केचाळीस पास," विचारणारे साहेब चष्मा पुसत म्हणाले. "नापास एकच. ट्रेनिंग कोऑर्डिनेटर." मग ते इतका वेळ दाबून ठेवलेलं हसू हसले, आणि ते पाहून मॅनेजरसाहेबांनाही हसायची परवानगी मिळाली.

खुर्ची राहिली. अट एवढीच पडली, की महिनाभरात आबांनी तो धडा पास व्हायचा. मॅडमनी जाताना तक्त्यातल्या अंमलबजावणीच्या चौकोनाखाली पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. आबांनी नंतर जवळ जाऊन पाहिलं, तर 'धनी बांधावर हवा' असं होतं. पुढच्याच आठवड्यात मुंबईहून पत्र आलं, की कामाच्या वेळात ऑर्कुट बघण्याचं प्रमाण या कारखान्यात फार वाढलेलं दिसतं, सबब ते बंद करण्यात येत आहे. मग गट तळेगावच्या सायबर कॅफेतून चालू राहिला.

आबा कॉम्प्युटरवर आणखी दोनदा नापास झाले. तेव्हा हनुमंत म्हणाला, "आबा, ह्ये असं बसून यायचं न्हाई. चला मागच्या अंगणात."

शनिवार, १० मेला दुपारी पाळी सुटायच्या वेळेस आबा फोर्कलिफ्टवर चढले. हनुमंताने आधी दाखवलं. मग त्यांना करायला लावलं. आबांनी गाडी मागे घेतली, समोर बघत, आणि रिकाम्या क्रेटची अख्खी रांग आडवी केली. हनुमंताने अडवलं नाही. आवाज ऐकून सगळी खाती बाहेर आली. कोंडिबा आला, माया आली, नकुशीबाई पदराला हात पुसत आल्या. आता कोणती पायरी हे सगळ्यांना पाठ होतं.

हनुमंत वीस वर्षं या दिवसाची वाट बघत होता. त्याने घसा साफ केला, आबांकडे पाहिलं, आणि त्याला शब्द फुटेना.

"बोल की आरं!" आबा वरून ओरडले. "त्याबिगर डोक्यात कसं जाईल?"

"दोडक्या!" हनुमंत म्हणाला, आणि लगेच घाबरून पुढे जोडलं, "...आबा! मागं बघा की हो मागं!"

आबांनी मान वळवून मागे पाहिलं, गाडी हळूच मागे घेतली, आणि ती एकही क्रेट न पाडता भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली. ते तसेच बसून राहिले. मग त्यांनी मायाला हाक मारली.

"लिवून घे गं. सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. आज म्या अकरा क्रेट पाडलं..." आणि वाकून खालच्या चाकांकडे बघत हनुमंताला म्हणाले, "लेका, हिला पन माझ्या खुर्चीवानी चाकंच हायेत की. आन् गुडघं अजिबात दुखत न्हाईत."